बिछान्यात मेला म्हणून नरक? कोण म्हणतं?

"व्हायकिंगही मानत: रणात मेला तो वाल्हाला या स्वर्गात, आजाराने मेला तो पापी, हेलच्या अग्निकुंडात. वाल्हालात वीर ४,३२,०००, कलियुगाची वर्षंही ४,३२,०००. म्हणजे मूळ धर्म आपलाच!" हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय, मी सोडून देत होतो. काल तो आत्याला आला. आतोबा दीर्घ आजारात गेलेत. "असं खरंच कुठे लिहिलंय का रे?" असं तिने विचारलं, म्हणून हे लिहितोय.

लिहिलंय, पण अर्धंच. आइसलंडच्या स्नोरी स्टर्लुसनने १२२० च्या सुमारास लिहिलेल्या 'एडा' या व्हायकिंगांच्या देवकथांच्या पुस्तकात आजाराने नि म्हातारपणाने मेलेले हेलकडे, म्हणजे मृतांच्या देवीकडे, जातात, हे आहे. तिच्या ताटाचं नाव भूक आणि सुरीचं नाव उपासमार, हेही आहे. मान्य. पण देवांचा राजा ओडिन याने तिला काम काय दिलं? आलेल्यांच्या राहण्याची सोय लावायची. पापाचा हिशेब तिच्याकडे नाहीच. चित्रगुप्त तुम्ही घुसडलात. शिक्षा आहे ती नास्त्रोंदला, सापांच्या कण्यांनी विणलेल्या घरात, आणि ती शपथ मोडणाऱ्यांना नि खुन्यांना. आजाऱ्यांचा तिथे उल्लेखही नाही.

आणि बाल्डरचं काय? ओडिनचा सगळ्यांत लाडका मुलगा, देवांमधला सर्वांत निर्मळ, मेल्यावर हेलकडेच गेला. त्याला आणायला त्याचा भाऊ हर्मोड आठ पायांच्या घोड्यावरून नऊ रात्री दौडत तिथे पोचला, तर बाल्डर मानाच्या आसनावर बसलेला! एका जुन्या कवितेत तर तो यायच्या आधीच बाकांवर सोनं पसरलंय, मद्य तयार आहे, वर ढाल झाकलीय. पाप्याचं असं स्वागत करतात होय? शिवाय स्नोरी स्वतः ख्रिस्ती, आइसलंडने धर्म बदलल्यावर दोनशे वर्षांनी लिहिणारा. भुकेचं ताट त्याच्याच पुस्तकात भेटतं, हे विसरू नका.

अग्निकुंड तर निव्वळ थाप. हेलचा प्रदेश निफ्लहाइम, म्हणजे धुकं आणि गारठा. रणात मेलेले सगळे वाल्हालात, हेही खोटं. निम्मे फ्रेया देवी घेऊन जाते.

राहिला आकडा. 'ग्रिम्निसमाल' या जुन्या कवितेत वाल्हालाची ५४० दारं आणि प्रत्येकातून ८०० वीर आहेत, गुणाकार बरोबर आहे. पण तो कवितेने केलेला नाही, आपण केलाय. शिवाय त्या लोकांचा शेकडा बऱ्याचदा १२० चा असे. तसं मोजलं तर दारं ६४० (पाच शेकडे म्हणजे ६००, वर ४०), दारामागे वीर ९६०, एकूण ६,१४,४००. आता बसवा कलियुग.