खुलासा: गाडीच्या चाकाला चिकटवायची वजनं उन्हानं गळत नाहीत

‘मराठवाड्याच्या उन्हात चिकटवायची वजनं गळतात, अलॉयलाही क्लिपचीच ठोका,’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. ही वजनं म्हणजे चाक बॅलन्स करायला रिमला लावतात ते धातूचे छोटे तुकडे; काही चिकटपट्टीनं बसतात, काही क्लिपनं रिमच्या कडेला ठोकतात. अलॉय म्हणजे हलक्या मिश्रधातूची रिम. चांगली चिकटपट्टी मे महिन्याचं ऊन सहज सोसते. वजन सुटतं ते रिमवर राहिलेल्या काळ्या मातीमुळं आणि ब्रेकच्या काजळीमुळं. जागा धुऊन कोरडी करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. डिझेल-रॉकेल नकोच, तेलकट थर राहतो. गोंदाला बोट न लावता पट्टी पूर्ण लांबीभर दाबा. पहिला दिवस प्रेशरनं धुवू नका.

स्टीलच्या रिमला क्लिप ठीक. क्लिपची कडा नसलेल्या अलॉयवर ती धरत नाही, ठोकताना रंग मात्र उडतो. आणि शेतरस्त्यावरून आल्यावर स्टिअरिंग थरथरलं, तर वजनं बदलण्याआधी रिमच्या आत वाळलेला चिखल काढा.