वाटीभर पाण्यात बारमाही लेट्यूस? निदान सोलापुरात तरी नाही

‘लेट्यूसचा बुडखा टाकू नका, वाटीभर पाण्यात ठेवा. ना माती, ना ऊन, ना खत. बाराही महिने ताजं लेट्यूस, तेही फुकट!’ सोसायटीपासून भिशीपर्यंत सगळ्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. त्याला एक शेपूटही आहे : पान तोडल्यावर निघणारा पांढरा चीक म्हणजे फवारलेलं औषध, तेव्हा बाजारचं खाऊच नका. घरी लावा म्हणतात ते चांगलंच आहे. बाकीचं मात्र तपासून घ्यावं लागेल.

बुडखा पाण्यात फुटतो, हे खरं. आठवडाभरात मधोमध चार पोपटी पानं वर येतात आणि नेमका तेव्हाच फोटो निघतो. पुढचे फोटो कुणी टाकत नाही. ही पानं बुडख्यात साठलेल्या अन्नावर आलेली असतात. नळाच्या पाण्यात नत्र कुठून येणार? साठा संपला की पानं फिकी पडतात, बूड बुळबुळीत होतं, वाटीला वास सुटतो. एका सँडविचपुरता पाला निघाला तर खूप झालं. हायड्रोपोनिक्सवाले पाण्यातच तर वाढवतात, असं कुणी म्हणेल. वाढवतात, पण त्या पाण्यात मोजूनमापून खतं विरघळवलेली असतात.

‘ऊन नको’ हेही खोटं. ओट्यावरच्या अंधारात रोप लांबुळकं होऊन लोळतं. त्याला सकाळचं चार-पाच तास ऊन हवंच. उजेड तर बऱ्याच वाणांच्या बियांनासुद्धा लागतो. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधकांनी नेमकं लेट्यूसचंच बी घेऊन दाखवलं होतं, की लाल प्रकाशाने ते रुजतं आणि त्यापलीकडच्या गडद लाल प्रकाशाने रुजणं थांबतं. म्हणून हे बी धण्यासारखं मातीत गाडू नका. ओल्या मातीवर भुरभुरा, वरून चाळलेलं शेणखत अगदी चिमटीने टाका आणि झारीऐवजी फवाऱ्याने पाणी द्या.

आता ‘बाराही महिने’. सोलापूरचा उन्हाळा माहीत असलेला माणूस हे फॉरवर्ड कसं करतो, कळत नाही. लेट्यूसचं बी १५ ते २० अंशांत झकास रुजतं. तिशीच्या वर गेलं की बरंचसं बी जिवंत असूनही निपचित पडून राहतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि स्लॅबवरच्या कुंडीचं तर बोलायलाच नको. रोप आधीच वाढलेलं असेल तर उकाड्यात ते पानं भरायचं सोडून दांडा काढतं, कांद्याला डेंगळे येतात तसं. मग पान कडू होतं. कुंडीत बर्फ टाका, असाही एक उपाय त्याच मेसेजखाली कुणीतरी सुचवला होता. गच्चीवर तो बर्फ किती वेळ टिकेल, हे सोलापूरकराला सांगायला नको.

इथला हंगाम दिवाळीनंतरचा. नोव्हेंबरात संध्याकाळी पेरा, म्हणजे बी रात्रीच्या गारव्यात पाणी पितं. दिवस अजून तापत असतील तर भिजवलेलं बी एक-दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मग पेरा. गड्डा बांधणाऱ्या आइसबर्गच्या नादी लागू नका, सुट्या पानांचे वाण घ्या. दीड महिन्यात पानं काढायला येतात. बाहेरची पानं खुडत राहिलात तर जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आटोपली तरी कुंडी चालू असते. नळाला रोज पाणी नसतं म्हणून बोअरचं खारं पाणी सारखं घालू नका, पानांच्या कडा करपतात. फेब्रुवारी सरता सरता हिरवी जाळी बांधून थोडे दिवस वाढवता येतील, इतकंच.

राहिला चीक. तो लेट्यूसचा स्वतःचा आहे. औषध न मारलेल्या घरच्या रोपातूनही निघतो आणि थोडा कडवट असतोच. पाथरी खुडताना बोटांना लागतो तोच प्रकार. पाथरी लेट्यूसची जवळची नातलग, करडईही त्याच कुळातली. भाकरीबरोबर कच्ची पाथरी खाणाऱ्यांच्या गावात चिकाला विष म्हणावं, हे जरा अतीच झालं. औषधाचे अंश असलेच तर ते चीक बघून कळत नाहीत. पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा.

आणि मार्चनंतर कुंडी मोकळी ठेवायची नसेल तर तिच्यात तांदुळजा टाका, त्याला ऊन मानवतं.