एक ना धड, आणि एक त्सांग

पुण्याच्या तबलावाल्यांमध्ये दर दोन-चार महिन्यांनी तोच वाद उकरला जातो. कुणी तरुण तबला शिकता शिकता चिनी ढोल, जेंबे, मरिंबा हाताळू लागतो आणि ज्येष्ठ म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या. आधी एक कायदा (तबल्यातली विस्तार करायची रचना) नीट वाजवून दाखव.’ मग ठरलेलं वाक्य येतं : फ्यूजन म्हणजे मिसळ. (मिसळीचा एवढा अपमान, आणि तोही पुण्यात!)

मी पुण्याचा, पण राहतो सिंगापुरात. इथल्या शेंटन वे रस्त्यावरच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये सिंगापूर चायनीज ऑर्केस्ट्राची मागची रांग पाहावी. टिंपनी, म्हणजे पाश्चात्त्य नगारे, सोडून वादक पायगूवर येतो, तिथून गाँगकडे, म्हणजे धातूच्या मोठ्या थाळीकडे, वळतो. पायगू म्हणजे सहसा पाच ढोलांचा संच. प्रत्येकाच्या दोन बाजू वेगळ्या सुरात लावलेल्या, स्टँडवरच उलटवता येणाऱ्या. त्या वादकाला कुणी चिंध्या म्हणत नाही. नोकरीच तशी आहे.

आणि ज्येष्ठांना वाटतं तेवढं हे परकंही नाही. पेकिंग ऑपेराची, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीतनाट्याची, तालवाद्यं आधी तोंडानेच शिकतात. त्या पढंतीला लुओगू जिंग म्हणतात. ‘दा’ म्हणजे बानगू या छोट्या ढोलावर एका काठीचा आघात, ‘बा’ म्हणजे दोन्ही काठ्या एकदम, ‘थाय’ हा छोट्या गाँगचा, म्हणजे शियाओलुओचा बोल, ‘त्साय’ झांजांचा. ‘त्सांग’ आला की तबलजी घसरतो. आपला ‘धा’ एका माणसाच्या दोन हातांचा. ‘त्सांग’ तिघांचा : मोठा गाँग दालुओ, झांजा आणि शियाओलुओ एकत्र. बोल हात सांगत नाही, सगळ्यांचा मिळून होणारा आवाज सांगतो; त्यात आपला वाटा कोणता, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

बानगूचं कातडं दिसतं मोठं, पण ते खिळ्यांनी ठोकलेलं असतं जाड लाकडावर, आणि खरा आवाज मधल्या पाच-सहा सेंटिमीटरच्या पोकळीवरच निघतो. काठ्या बांबूच्या, बारीक. बोटभर सरकलात की तो कडक, कोरडा आवाज जातो आणि नुसतं ‘ठक’ उरतं. तबल्यावर किनार, मैदान, शाई असे तीन मुलुख. सवयीचा हात किनारीकडे धावतो, आणि इथे किनारीखाली लाकूड. हवा दमट झाली तर तबल्यासारखे गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर चढवायची सोयही नाही.

दालुओ बरोबर मधोमध मारला की सूर खाली घसरतो, सुमारे तीन अर्धस्वर. शियाओलुओचा उलट वर चढतो, सुमारे दोन. डग्ग्यावर मनगट रेटून जी मींड काढायची, ती इथे धातूच काढून देतो, म्हणून काम सोपं वाटतं. कसब आहे ते आवाज थांबवण्यात. दालुओ हाताने दाबून बंद करायचा. शियाओलुओला दोरी नसते. काठाच्या आतून डाव्या तर्जनीवर तोलायचा, पातळ लाकडी पट्टीने वाजवायचा, बोटं टेकवून गप्प करायचा. उशीर झाला की पुढचा ‘थाय’ मागच्या ‘त्सांग’मध्ये बुडाला.

आणि सम? तबल्यासारखं आवर्तन इथे नाही. बानगूवाला साथीला नसतो, तोच पुढारी. बाकीचे त्याच्या काठ्यांकडे बघतात, तो नटाच्या पावलांकडे. ‘सिजितोउ’ हा नावाप्रमाणे चार आघातांचा ठेका. नट पवित्रा घेऊन थबकतो, त्या थबकण्यावर शेवटचा त्सांग. नट लांबला तर त्सांगही लांबतो. मनात सोळा मात्रा मोजणारा हटकून आधी वाजवतो.

हे सगळं परदेशी कौतुक म्हणून झटकायचं, तर त्रिलोक गुर्टूंचं काय करायचं? 1951 साली मुंबईत जन्म, ठुमरी गायिका शोभा गुर्टूंचे चिरंजीव. गुडघ्यावर बसून ड्रम वाजवणारे, जवळच तबला, आणि वाजता गाँग पाण्याच्या बादलीत बुडवून सूर वाकवणारे. त्यांना चिंध्या म्हणायला पुण्यात कुणी धजत नाही. नाव झालं की प्रयोग, तोवर धरसोड!

या वादात एक गोष्ट मात्र सोयीने गाळली जाते, आणि ती मीच गाळतो. ऑपेराच्या मंडळीत बानगूवर बसलेला माणूस बहुधा बानगूवरच मुरतो, बनारस घराण्याच्या एखाद्या तबलजीइतकाच. म्हणजे पुण्याशी भांडताना ऑर्केस्ट्रा दाखवायचा, ऑपेरा झाकायचा. तेव्हा ‘आमच्याकडे’ म्हणजे सिंगापूर असतं. इथल्या वादकांपुढे तबल्याच्या गप्पा मारताना त्याच ‘आमच्याकडे’चं पुणं होतं.

एचडीबीच्या, म्हणजे सिंगापूरच्या सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये दालुओ कोण वाजवू देणार? रियाज तोंडीच. त्यात ‘त्सांग’मधला तो ‘त्स’ इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीला नीट जमत नाही. पुणेकर मात्र ‘चांगला’ म्हणताना रोज तो उच्चारतो. फक्त श्वास जरा जास्त सोडायचा.