म्हातारं व्हायचंय? आधी जागा बघून घ्या

मंडळी, म्हातारं व्हायचं पक्कं केलंच असेल तर जरा प्लॅनिंग करा, असं कुठेही होऊन चालत नाही. फ्रान्सवाल्यांनी बघा किती निवांत घेतलं, पासष्टीपुढची माणसं ७ टक्क्यांची १४ टक्के व्हायला त्यांना ११५ वर्षं लागली, मधे दोन महायुद्धं पण उरकली. जपानने तेच २४ वर्षांत उरकलं, घाई नडते ती अशी.

जपानमधे शंभरी गाठली की सरकार चांदीचा पेला देतं बरं का. १९६३ला सुरू केलं तेव्हा असे लोक देशभरात १५३, काय जातंय द्यायला! पण म्हातारे ऐकेनातच, जगतच राहिले, मग २०१६ पासून पेल्याला नुसता चांदीचा मुलामा. २०२४ला आकडा ९५ हजारांच्या वर गेला, तेव्हा तुम्ही पोचेपर्यंत कागदी कप मिळाला तर रुसू नका.

नायजरला मात्र अजिबात जाऊ नका, तिथं निम्मी जनता सोळाच्या आतली, गुडघेदुखीवर बोलणार कुणाशी? दक्षिण कोरियात बोलायला भरपूर लोक, पण नातवंडं विसरा, २०२३ला बाईमागे सरासरी ०.७२ मूल, म्हणजे पाऊणसुद्धा नाही. चीननं पस्तीसेक वर्षं 'एकच पुरे' म्हणून दटावलं आणि २०२१ पासून 'तीन होऊ द्या की', इतकी पलटी तर सासूबाई पण मारत नाहीत.

त्यापेक्षा आमचं इंदूर बेस्ट. केरळच्या मानाने मध्य प्रदेश तरुण आहे म्हणतात, असेल भिया, फक्त संध्याकाळी आमच्या मराठी वस्तीत, रामबागेत, चक्कर मारू नका. पोरं पुण्याला, बंगलोरला, न्यू जर्सीला, आणि इथे सकाळी पोहे-जलेबी आणायला जाणारे काका शुगरमुळे जलेबी नुसती बघून येतात. आमच्या गणपतीत लिंबू-चमच्याला तीन मुलं, त्यातली दोन सुट्टीवर आलेली नातवंडं, आणि पंच्याहत्तरीच्या सत्काराला ही लाइन! आधी शाल, श्रीफळ, स्टीलचा डबा असायचा, मग डबा गेला, मग शाल गेली, यंदा खजिनदार काका म्हणाले नारळ पण परवडत नाही, वयाची अट ऐंशी करू. फ्रान्समधे २०२३ला रिटायरमेंट ६२ची ६४ केली तर लोक रस्त्यावर उतरले होते, आमच्याकडे चहा झाला आणि ठराव एकमताने पास. काका मार्चमधेच ऐंशीचे झालेत.