गुळाचा खडा आणि ग्रॅनाइटची धूळ

नानांनी परवा सकाळी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. खाली जोडलेले हात, आणि 'कष्टकरी बांधवांपर्यंत नक्की पोहोचवा'. असले मेसेज मी वाचत नाही, अंगठ्याने वर सरकवतो. पण याला आतेभावाने लाइक दिलं होतं, आणि आतेभाऊ जळगावात ग्रॅनाइट कापतो. स्वयंपाकघराचे ओटे, जिन्याच्या पायऱ्या, सिंकची भोकं. गेली अकरा वर्षं हेच काम. संध्याकाळी फोन केला तर म्हणाला, "दादा, गूळ खास ना मी रोज. माले काय व्हई?" म्हणजे गूळ खातो ना रोज, मला काय होणार. दिवाळीत त्याला चांगला मास्क घेऊन दिला होता. तो कुठे आहे विचारलं, तर गाडीच्या डिक्कीत.

मी एका कारखान्यात सेफ्टी बघतो. दिवसभर लोकांना हेल्मेट घाल, बेल्ट लाव म्हणत फिरायचं आणि घरचाच माणूस गुळाच्या भरवशावर बसलेला, म्हणून हे लिहायला घेतलं. नाना, तुमच्यावर राग नाही. पण हा मेसेज पुढे पाठवू नका.

त्यात जे आहे ते थोडक्यात असं: सिमेंट, फरशी, कापूस, डाळ मिल, खदान अशा धुळीच्या कामावरच्या माणसाने रोज जेवणानंतर गुळाचा खडा खावा. चोवीस तासांत फुफ्फुसातली सगळी धूळ शौचावाटे निघून जाते. हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मास्क लावला की आपलाच कार्बन डायऑक्साइड परत आत जातो, त्यापेक्षा ओला रुमाल बांधावा. आणि दहा वर्षं काम केलेल्याला धूळ पचते, त्याला भीती नाही.

शौचावाटे! इथून सुरू करू.

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात. आत उतरल्यावर या दोन वाटा कुठे भेटत नाहीत. पाणी चुकून श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागून डोळ्यांत पाणी येतं, तर गुळाचा पाक तिथे उतरून झाडू कसा मारेल? आता यात अर्धं खरं आहे ते सांगतो, नाहीतर नाना म्हणतील पोरगं शिकलं आणि माजलं. जाड धूळ नाकात, घशात आणि मोठ्या नळ्यांत चिकटते. तिथले बारीक केसांसारखे तंतू ती शेंबडाबरोबर वर ढकलतात. आपण ती थुंकतो किंवा नकळत गिळतो, आणि गिळलेली खरोखरच शौचावाटे जाते. गूळ खा किंवा खाऊ नका, जातेच. गुळाने तोंडाला लाळ सुटते, खवखव थांबते, घसा मोकळा वाटतो. माणसाला वाटतं, छाती साफ झाली. साफ झालेला असतो घसा.

जी मारते ती धूळ घशात थांबतच नाही. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. हे कण पाच मायक्रॉनच्याही खालचे, सुटा कण डोळ्यांना दिसत नाही. ते थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत उतरतात. तिथे तंतू नाहीत, शेंबूड नाही. शरीराच्या पहारेकरी पेशी त्यांना गिळतात. कण साध्या मातीचा असेल तर बहुतेक वेळा निभावतं. पण स्फटिकी सिलिका असेल, म्हणजे गारेचा, गारगोटीच्या दगडाचा चुरा, तर ती पेशीच मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी येते, तीही मरते. या मारामारीत फुफ्फुसाला वण पडत जातात आणि मऊ स्पंज हळूहळू चामड्यासारखा होतो. याला सिलिकोसिस म्हणतात. वण पुसणारं औषध आजतागायत नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो.

आता 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय'. मला वाटलं होतं ही शुद्ध थाप असेल. नाही निघाली. १९९४ साली लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या साहू आणि सक्सेना या दोन शास्त्रज्ञांचा निबंध 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज' या नामांकित नियतकालिकात आला होता, आणि विषय हाच: गूळ आणि फुफ्फुसातली धूळ. धुरा-धुळीत काम करणारे कामगार गूळ खाल्ला तर त्रास होत नाही म्हणतात, एवढ्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी काहीतरी ऐकलं होतं खरं. पण निबंधात काय आहे ते बघा.

प्रयोग उंदरांवर. त्यांच्या श्वासनलिकेत एकदाच ५० मिलिग्रॅम कोळशाची किंवा सिलिकाची धूळ सोडली आणि रोज अर्धा ग्रॅम गूळ दिला, आठवड्याचे पाच दिवस, ९० दिवस. कोळशाचे कण फुफ्फुसातून जास्त प्रमाणात हलले, हे खरं. हलून गेले कुठे? श्वासनलिकेजवळच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे शरीराच्या आतल्याच गाळण्यांत. शरीराच्या बाहेर नव्हे! खोलीतला कचरा पडवीत लोटला, एवढंच. सिलिकाच्या उंदरांत सिलिकोसिसच्या नेहमीच्या घट्ट गाठी दिसल्या नाहीत, इजा सौम्य झाली, हेही मान्य. पण फुफ्फुसातल्या फुग्यांमधले पडदे जाड झालेले त्यांनाही दिसले. शेवटी त्यांनी लिहिलं की धुळीत काम करणाऱ्यांसाठी गूळ संरक्षक ठरू शकेल. 'ठरू शकेल' हे शास्त्रज्ञाचं वाक्य. त्याचं 'चोवीस तासांत सगळी धूळ साफ' व्हॉट्सअॅपवर झालं.

आणि हिशोब करा. उंदीर दोनशे ग्रॅमचा धरला तर अर्धा ग्रॅम म्हणजे किलोमागे अडीच ग्रॅम. आतेभाऊ साठ किलोचा. त्याच मापाने रोज दीडशे ग्रॅम गूळ. उंदराचं माप माणसाला असं सरळ लागत नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगतो. त्याच्या पाकिटातला खडा सुपारीएवढा असतो. दीडशे ग्रॅम खायला लागला तर धुळीच्या आधी साखरेचा डॉक्टर गाठावा लागेल, आत्याला डायबिटीस आहेच. शिवाय उंदराला धूळ एकदा दिली होती, माणूस ती रोज आठ तास ओढतो. टाकीचा नळ चालू ठेवून वाटीने पाणी उपसायचं, असला प्रकार.

या मेसेजमधली मला सर्वांत वाईट वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. गूळ स्वस्त पडतो, आणि तो कामगाराच्या हातात ठेवला की धूळ थांबवायची जबाबदारी ज्याची, तो मोकळा. आतेभावाच्या एका जुन्या ठेकेदाराने साइटवर गुळाची ढेप आणून ठेवली होती. पाण्याची नळी मागितली तर 'बघू'. ढेप मात्र संपली की दुसरी हजर. पोरं खूश, मालक माणुसकीचा म्हणून नाव. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम १४ वाचा. धूळ श्वासात जाऊ नये आणि खोलीत साचू नये म्हणून परिणामकारक उपाय करा, आणि शोषक यंत्र लागत असेल तर ते धूळ उठते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ लावा, असं ते सांगत होतं. उपाय मालकाने करायचा, आणि धूळ उठते तिथे करायचा. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची कामगार-सुरक्षेची नवी संहिता आली, पण कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत सिलिकोसिस तेव्हाही होता, आजही आहे. ओट्याच्या कामावर दोन माणसं लागतात, तिथे कारखान्याचा कायदा कोण लावणार, हे मलाही कळतं. धुळीला मात्र कायदा कळत नाही.

उगाच घाबरवतोय असं वाटत असेल तर नंदुरबारकडे बघा. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरापलीकडे नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेशातला अलीराजपूर. तिथले आणि आसपासचे आदिवासी मजूर गोध्र्याकडच्या गारेचा चुरा करणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन गावी परत आले. त्यातल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख द्यावेत अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने गुजरात सरकारला केली, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला ते पैसे द्यायला सांगावं लागलं. यांच्या फुफ्फुसांना म्हातारं व्हायला वेळच मिळाला नाही. दहा वर्षांनी धूळ पचते म्हणणाऱ्याने तिथे जाऊन सांगावं.

तो 'पचते'वाला मुद्दा इथेच संपवतो. कमी धुळीत हा रोग दहा-पंधरा वर्षं गप्प बसतो, जास्त धुळीत पाच वर्षांतही उठतो. दहा वर्षं काही झालं नाही, याचा अर्थ अजून काही दिसलं नाही. खोकल्याची सवय होते, धुळीची होत नाही.

आपल्याकडच्या खदानीवाल्यांसाठी एक गोष्ट कबूल करतो. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात मोकळी गार कमी असते, म्हणून खडी क्रशरची धूळ ग्रॅनाइटइतकी घातक नाही. पण 'इतकी नाही' एवढंच. पोकळ्यांत गारगोटी सापडतेच, आणि श्वासाला त्रास व्हायला कुठलीही धूळ पुरते. जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या धुळीचा रोग तर वेगळाच: सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे मोकळी वाटते, म्हणून लोक अंगावर काढतात. आतेभावाकडे मात्र हल्ली ग्रॅनाइटबरोबर त्या चकचकीत कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्याही येतात. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते. तरुण कारागीर आजारी पडायला लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे शोरूमवाला त्याला 'प्रीमियम' म्हणतो.

मास्क आणि कार्बन डायऑक्साइड: त्या वायूचा कण धुळीपेक्षा कितीतरी लहान, तो मास्कमधून आरपार जातो. एन-९५ मध्ये दम लागतो, घाम येतो, हे खरं. उन्हाळ्यात जळगावात पंचेचाळीस डिग्रीला तो आठ तास घाला असं मी पंख्याखाली बसून सांगणार नाही. म्हणूनच तो शेवटचा उपाय आहे. आणि दाढी असेल तर कडेने हवा जाते, मग घालून न घातल्यासारखाच.

ओला रुमाल: धाग्यांमधली भोकं या कणांना गावचा दरवाजा. पाण्याची अक्कल बरोबर आहे, जागा चुकली. पाणी तोंडावर बांधायचं नाही, दगडावर मारायचं.

हे बोललो की आतेभाऊ म्हणतो, "पानी टाकं ते करंट लागस." त्याचं बरोबर आहे, आणि असल्या प्रश्नाचं उत्तर त्या मेसेजमध्ये नाही. म्हणून रविवारी त्याच्याबरोबर गेलो. नवीन फ्लॅट, स्वयंपाकघराला एकच खिडकी. आधी त्याने नेहमीसारखं कापून दाखवलं. कटर दगडाला लागला तसा पांढरा लोट उठला, मिनिटभरात समोरची भिंत दिसेना. त्याच्या पापण्या पांढऱ्या. बंद केल्यावर जाड धूळ बसली, पण खिडकीच्या उन्हाच्या पट्ट्यात बारीक धूळ मी चहा पिऊन येईपर्यंत तरंगत होती. तोवर हाताखालचं पोरगं ब्लोअर घेऊन स्वतःचे कपडे झटकत होतं. बसलेली सगळी परत हवेत.

मग प्लगला ईएलसीबी जोडला, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, तो नेला होता मी घरून. शेतात फवारणीला वापरतात तसला हातपंप घेतला, नवा. कपाशीवर औषध मारलेला आणू नका, नाहीतर एकातून सुटून दुसऱ्यात. पोराला पंप धरायला लावला, धार पात्याच्या पुढे दगडावर, मोटारीवर नाही. लोट जवळपास गेला, करडा चिखल ओट्यावरून खाली ओघळू लागला. घरमालकीण आली आणि फरशी घाण झाली म्हणून आम्हा तिघांना बोलली. तिचंही चुकलं नाही, नव्या घरात चिखल कोणाला हवा? शेवटी ठरलं की लांब कापणं सगळं दुकानातच, पाण्याच्या टेबलावर करून आणायचं. साइटवर फक्त सिंकचं भोक आणि कोपरे. माप दोनदा घ्यावं लागेल, एक फेरी वाढेल. तेवढे पैसे पुढच्या कामात लावतो म्हणाला.

आणि एक्स-रे. येत्या आठवड्यात काढायला नेतोय त्याला. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचं की अकरा वर्षं दगड कापतो. हे सांगितलं नाही तर डाग दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू होतात. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर धरतो, हेही खरं, त्यामुळे दोन्ही बघून घ्यायला सांगणार आहे.

नाना, गूळ खा. तुमच्या शेंगदाण्यांबरोबर छान लागतो. तो मेसेज तेवढा ग्रुपवरून काढा, आतेभावाचं लाइक मी रविवारीच काढायला लावलंय.