डेस्कटॉप हँग झाला की लगेच पॉवर बटणाकडे धावू नका

लिनक्स वापरणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: 'डेस्कटॉप हँग झाला म्हणजे मशीनच मेलं. कॅप्स लॉकचा दिवा लागत नसेल तर काहीच शिल्लक नाही, पॉवर बटण दाबून धरा. हल्लीच्या फाइल सिस्टिममध्ये जर्नल असतं, डेटाला काही होत नाही. वारंवार होत असेल तर सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करा.' नवख्या माणसाला हे सोपं वाटतं आणि त्याचं काम त्यातच जातं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

स्क्रीन थिजली एवढ्यावरून मशीन मेलं असं म्हणता येत नाही. ग्नोम (लिनक्सचा एक डेस्कटॉप) वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) चालत असेल, तर खिडक्या मांडणं आणि कीबोर्ड-माउसचे इशारे प्रोग्रामपर्यंत पोचवणं ही कामं ग्नोम-शेल ही एकच प्रोसेस करते. ती अडकली की सगळं दृश्य अडकतं. खाली कर्नल (सिस्टिमचा गाभा) मात्र चालू असू शकतो. माउस हलत नाही, पण लावलेलं गाणं पुढे वाजतंय, असं दिसलं तर दोष वरच्या थरात आहे हे जवळपास नक्की.

कॅप्स लॉकच्या चाचणीवर तर माझा ठाम आक्षेप आहे. ग्राफिकल सेशनमध्ये तो दिवा डिस्प्ले सर्व्हर किंवा कंपोझिटर (खिडक्या स्क्रीनवर मांडणारा प्रोग्राम, वरच्या उदाहरणात ग्नोम-शेल) लावतो. तोच अडकला असेल तर दिवा लागणारच नाही, कर्नल ठणठणीत असला तरीही. दिवा लागला तर चांगलंच; नाही लागला तर त्यावरून कर्नलबद्दल काहीच कळत नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोल उघडला नाही, तर त्याचंही कारण हेच असू शकतं, कारण तो इशाराही आधी त्याच अडकलेल्या प्रोसेसकडे जातो. अशा वेळी ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनचीच की) धरून आर दाबायचं. कर्नल कीबोर्ड स्वतःकडे घेतो. मग पुन्हा कंट्रोल-ऑल्ट-एफ३. कन्सोल मिळाला की लॉगिन करा, टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा) चालवा, मेमरी किंवा सीपीयू खाणारी प्रोसेस शोधा आणि तेवढीच मारा. डिस्प्ले मॅनेजर (ग्राफिकल लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करणं हा त्यानंतरचा उपाय, कारण त्यात उघडे प्रोग्राम बंद पडतात.

एक अडचण आहे. सिसआरक्यूच्या सगळ्या कळा सगळीकडे चालू नसतात. उबुंटूत कर्नल.सिसआरक्यू या सेटिंगची मूळ किंमत १७६ असते. त्यात सिंक (रॅममधलं डिस्कवर लिहिणं), रीड-ओन्ली माउंट (डिस्कवर पुढे लिहिणं बंद करणं) आणि रीबूट बसतात, आर बसत नाही. घरच्या मशीनवर ती किंमत १ (सगळ्या कळा चालू) करून ठेवावी. शेअर केलेल्या मशीनवर मात्र विचार करा, कारण कीबोर्डपाशी बसलेल्या कुणालाही त्या कळा वापरता येतात. दुसरी सोय एसएसएच सर्व्हरची. तो आधीच बसवलेला असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरूनही आत शिरता येतं.

डिस्कचा दिवा सतत जळतोय आणि माउस झटक्याझटक्याने सरकतोय, तर मेमरी संपून स्वॅपची (रॅमऐवजी डिस्क वापरण्याची) ओढाताण चालली असण्याची शक्यता जास्त. थोडं थांबा, कर्नल स्वतःच एखादी प्रोसेस मारू शकतो. सगळ्या कळा चालू केल्या असतील तर ऑल्ट-सिसआरक्यू-एफ दाबून ते लगेच करवून घेता येतं.

आता जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी फाइल सिस्टिम डिस्कवर ठेवते ती नोंद. एक्स्ट४ (लिनक्सची एक नेहमीची फाइल सिस्टिम) मूळ सेटिंगमध्ये फक्त मेटाडेटा (फाइलची नावं, जागा वगैरे; आतला मजकूर नव्हे) जर्नलमध्ये लिहितं. फाइल सिस्टिमची रचना टिकावी एवढंच त्याचं काम. तुम्ही 'सेव्ह' केलेला मजकूर काही काळ रॅममध्येच असू शकतो; तो डिस्कवर नेण्याइतका जुना झाला असं मानायची कर्नलची मूळ मुदत ३० सेकंदांची आहे. त्या आत वीज तोडली तर तो मजकूर गेला. म्हणून काहीच उपाय चालला नाही तरी ऑल्ट-सिसआरक्यू धरून एस (सिंक), यू (रीड-ओन्ली माउंट), बी (रीबूट) या कळा क्रमाने, मध्ये काही सेकंद थांबत दाबा. उबुंटूत हे काहीही न बदलता चालतं. तिकडूनही प्रतिसाद नाही, एसएसएचही लागत नाही, तर मात्र पॉवर बटण दाबून धरणं योग्यच आहे.

नव्याने इन्स्टॉल करायच्या सल्ल्यात सगळ्यात मोठं नुकसान पुराव्याचं होतं. पुन्हा सुरू झाल्यावर जर्नलसीटीएलकडे (सिस्टिमचा लॉग दाखवणारी आज्ञा) मागच्या बूटचा लॉग मागा आणि शेवटून वर वाचत जा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची एक्सआयडी त्रुटी, एएमडीजीपीयूचा (एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा) रिंग टाइमआउट, 'आउट ऑफ मेमरी', डिस्कच्या वाचन-लेखन त्रुटी: या प्रत्येकावरचा इलाज वेगळा. पहिल्या दोन्हींत आधी ड्रायव्हर किंवा कर्नलची दुसरी आवृत्ती लावून बघा. डिस्कच्या त्रुटी दिसल्या तर त्याच दिवशी बॅकअप घ्या आणि स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत तपासणारी आज्ञा) चालवा. लॉग गप्प असेल तर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालू ठेवा. रॅम खराब असेल, तर नव्या इन्स्टॉलवरही डेस्कटॉप तसाच अडकणार.