गर्दी वाढवली म्हणून सिक्लिड शांत होत नाहीत

आफ्रिकन सिक्लिड हे हद्दीसाठी भांडणारे मासे पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. टाकीत मारामारी होत असेल तर मासे काढू नका, उलट आणखी टाका. गर्दीत कुणालाच आपली हद्द राखता येत नाही, त्यामुळे भांडणं थांबतात. पाण्याचं काय? दुप्पट क्षमतेचा फिल्टर लावा. अमोनिया (माशांच्या उत्सर्जनातून येणारं विष) शून्य आहे आणि मादीच्या तोंडात अंडी आहेत (यातल्या बऱ्याच जातींत ती तिथेच सांभाळली जातात) म्हणजे सगळं उत्तम आहे. आणि मासा काढलात तर बसलेली घडी विस्कटेल.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच हा सल्ला टिकला. पण टाकी भरून गेली आहे आणि विरळणी करावी की नाही, म्हणजे काही मासे काढून गर्दी कमी करावी की नाही, या विचारात जो आहे, त्याला तो भलत्याच वाटेला लावतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गर्दीने भांडणं थांबतात’

मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या म्बुना माशांपुरतं यात तथ्य आहे. टाकीत मोजकेच मासे असले की एक दांडगा नर चार फुटांची अख्खी टाकी आपली समजतो आणि त्याचा सगळा राग एका-दोघांवर निघतो. संख्या वाढली की तो एकाच्या मागे धावेपर्यंत दुसरा त्याच्या दगडात शिरतो. एवढी राखण त्याला परवडत नाही आणि पाठलाग अर्ध्यावर सुटतो. म्हणजे राग कमी झालेला नसतो, तो वाटला गेलेला असतो. आणि ही वाटणी सारखी होत नाही. टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, शेपटीच्या चिंध्या झालेला एखादा मासा बघा. इतरांच्या शांततेची किंमत तो मोजत असतो.

ही युक्ती चालायला अटीही आहेत. मासे साधारण एकाच मापाचे हवेत, लहानपणी एकत्र सोडलेले हवेत, स्वभावाने एकमेकांच्या जवळचे हवेत. पीकॉकसारख्या मवाळ माशांच्या गर्दीत औराटस या आक्रमक म्बुनाचा नर सोडला तर गर्दी त्यांना वाचवत नाही. जोडीने राहणाऱ्या सिक्लिडना तर हे अजिबात लागू नाही. कॉन्व्हिक्ट किंवा जॅक डेम्पसीच्या जोडीने अंडी घातली की ती जोडी बाकी सगळ्यांना एका भिंतीशी रेटते. ब्रिकार्डी या सिक्लिडची आधीची पिल्लं नंतरच्या पिल्लांची राखण करतात. त्यांचा गोतावळा वाढत जातो आणि इतरांना टाकीत जागाच उरत नाही.

‘सरोवरातही ते दाटीवाटीनेच राहतात’ असंही याला जोडून सांगितलं जातं. दाटी खरी आहे. पण मलावी सरोवराचं क्षेत्रफळ २९,००० चौरस किलोमीटरहून जास्त आहे. तिथे हाकललेला मासा हद्दीबाहेर पडला की पाठलाग संपतो. टाकीत हद्दीबाहेर म्हणजे काच.

शिवाय ही गर्दी कधी मोजली? बहुतेक वेळा पिल्लं आणली तेव्हा. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होतं. पाच सेंटिमीटरचे तीस मासे दहा सेंटिमीटरचे झाले, तर संख्या तीच राहते आणि टाकीतल्या माशांचं एकूण वजन आठपट होतं. एकही मासा न वाढवता टाकी भरते ती अशी.

‘मोठा फिल्टर लावला की झालं’

या मुद्द्याने सर्वात जास्त मासे मारले असावेत असं मला वाटतं, कारण तो ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतो.

फिल्टरमधले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट पाण्यातच राहतं. ते घालवायला पाणीच बदलावं लागतं. समजा, एका आठवड्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं आणि तुम्ही दर आठवड्याला चौथाई पाणी बदलता. काही आठवड्यांनी पाणी बदलण्याआधीचा आकडा ८० वर स्थिरावेल. अर्धं पाणी बदललंत तर ४० वर. फिल्टर एक असो वा तीन, या आकड्यात फरक पडत नाही. मासे मात्र वजनाने निम्मे केलेत आणि खाणंही त्या मानाने घटवलंत, तर चौथाई पाणी बदलूनही तो ४० वर येतो.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. माशांना तो लागतोच, पण फिल्टरमधल्या जीवाणूंनाही लागतो. भरलेल्या टाकीत वीज गेली की दोघंही त्याच तुटपुंज्या साठ्यावर जगतात. विरळ टाकी जे काही तास सहज काढते, ते गच्च टाकीला जीवघेणे ठरू शकतात.

तिसरी गोष्ट या माशांपुरती फार महत्त्वाची आहे. त्यांना क्षारीय पाणी लागतं, आणि अमोनियाचा विषारी अंश पीएचबरोबर (पाणी किती आम्ल किंवा क्षारीय आहे ते सांगणारा आकडा) वाढतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो, ८.५ ला सुमारे पंधरा टक्के होतो. कमी पीएचच्या पाण्यात राहणाऱ्या टेट्रा माशांच्या टाकीत निभावून गेलेली चूक इथे निभावत नाही. त्यात भर म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला कार्बोनेटचा साठा खर्च होतो. मासे जितके जास्त तितका तो लवकर आटतो, आणि तो आटला की पीएच घसरायला लागतो.

‘अमोनिया शून्य, अंडीही घातली, मग काय हवं?’

अमोनिया शून्य म्हणजे फिल्टर आज काम करतो आहे. माशांचं एकमेकांशी कसं चाललं आहे ते पाणी तपासून कळत नाही. अंड्यांचंही तसंच, बरेच सिक्लिड हलाखीतही वितात. म्बुनाची मादी सुमारे तीन आठवडे अंडी-पिल्लं तोंडात धरते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. गर्दीत तिला सावरायला उसंत मिळत नाही, नर पुन्हा मागे लागतात. वाढलेल्या पिल्लांकडे बघण्याआधी त्या मादीचं खपाटीला गेलेलं पोट बघा.

‘मासा काढला की घडी विस्कटते’

हा मुद्दा मी सर्वात गंभीरपणे घेतो, कारण तो बराचसा बरोबर आहे. ट्रोफियस या कळपाने राहणाऱ्या सिक्लिडच्या कळपातले मासे काढणं-घालणं खरोखर धोक्याचं असतं. बर्टोनी या सिक्लिडमध्ये वरचढ नर हटला की दबून राहिलेला नर काही मिनिटांत रंग बदलतो आणि त्याची जागा घेतो. म्हणजे ‘एक गुंड काढला, प्रश्न मिटला’ हेही खोटंच. पण यावरून निघतं ते एवढंच की विरळणी विचार करून करायची. करायचीच नाही, असं निघत नाही.

मार खाणारा मासा आधी काढला जातो. जखमी असेल तर त्याला वेगळं ठेवायलाच हवं, पण त्याने टाकीतली परिस्थिती बदलत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी त्या कोपऱ्यात असतो. म्बुनाच्या टाकीत आधी जास्तीचे नर कमी करा. एका जातीचा एक नर आणि तीन-चार माद्या हे प्रमाण बरं. रंग आणि पट्टे सारखे असलेल्या दोन जाती एकत्र असतील तर त्यातली एक पूर्ण काढा, कारण नर दिसायला सारख्या माशाला प्रतिस्पर्धी मानतात, आणि अशा जातींचा संकरही सहज होतो.

थोडे-थोडे काढून मधल्याच संख्येवर थांबू नका. चाळीसचे पंधरा केले तर कधीकधी भांडणं वाढतात: राग वाटून घ्यायला मासे पुरेसे नसतात आणि प्रत्येकाला हद्द मिळेल इतकी जागाही नसते. एक तर माशांच्या पूर्ण वाढलेल्या मापाला झेपेल एवढाच, समजून-उमजून राखलेला मोठा समूह ठेवा, नाहीतर खरोखर मोजके मासे, एका किंवा दोन जातींचे.

मासे पकडायला दगड बाहेर काढावेच लागतात. ते परत लावताना रचना पूर्ण बदला, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि उरलेल्या सगळ्यांना नव्याने सुरुवात करावी लागते. मात्र जाळी पाण्यात घालण्याआधी काढलेले मासे कुठे जाणार ते ठरलेलं हवं. नदी-तळ्यात सोडणं हा पर्याय नाहीच. मोझांबिक तिलापिया हाही सिक्लिडच, आणि जगातल्या सर्वात घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत तो आहे. मिश्र टाकीत जन्मलेली पिल्लं देताना ती संकरित असू शकतात हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा.

त्यानंतर पंधरा दिवस रोज खाणं घालताना बघा: कोण खायला येत नाही, कोण वरच्या कोपऱ्यातून खाली उतरत नाही. याच दिवसांत दुसऱ्या क्रमांकाचा नर पुढे येतो. तो आला आणि तरी सगळे खायला येत असतील तर थांबा. कोपऱ्यात अजूनही कुणी अडकलेलं असेल, तर विरळणी अपुरी झाली आहे.